प्रूफ कसे तपासावे : एका फेरीत एकच काम

मजकूर दोनदा वाचला, तीनदा वाचला, तरी छापून आल्यावर पहिल्याच पानावर चूक दिसते. याला निष्काळजीपणा क्वचितच कारणीभूत असतो. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या मारत जातो आणि मधला भाग मेंदू अंदाजाने भरून काढतो. मजकूर जितका ओळखीचा, तितका अंदाज पक्का आणि प्रत्यक्ष अक्षरांकडे लक्ष कमी. स्वतःचे लिखाण तपासणे सर्वांत अवघड जाते ते यामुळेच. समोर कागद असतो, पण वाचले जाते मनातले वाक्य.

‘आणखी लक्षपूर्वक वाचा’ या सल्ल्याने फारसे साधत नाही. अर्थ, शुद्धलेखन, आकडे, विरामचिन्हे आणि पानाची मांडणी हे सगळे एकाच वाचनात पाहायला गेले की त्यातले काहीच धड पाहिले जात नाही. म्हणून काम फेऱ्यांमध्ये वाटून घ्यावे आणि प्रत्येक फेरीत एकच गोष्ट शोधावी. एकूण वेळ थोडा जास्त लागतो, पण सुटणाऱ्या चुका खूपच कमी होतात.

हातात पेन घेण्याआधी

पहिली अट अशी, की मजकूर पूर्ण झालेला असावा. संपादन आणि मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधणे, ही दोन वेगळी कामे आहेत. परिच्छेद पुढेमागे करणे, वाक्ये नव्याने लिहिणे, मुद्दे वाढवणे हे संपादन. ते चालू असतानाच प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, तपासले, तर तपासलेल्या भागात नवा, न तपासलेला मजकूर घुसत राहतो. लेखकाने ‘आता यात भर घालणार नाही’ असे सांगितल्यावरच प्रूफ हातात घ्यावे.

लिखाण स्वतःचे असेल तर लिहिणे आणि तपासणे यांत किमान एक रात्र जाऊ द्यावी. तेवढा वेळ नसेल तर निदान तासभर अगदी वेगळ्या कामात घालवावा.

शक्य असेल तर कागदावर छपाई काढावी : अक्षर १४ पॉइंट, ओळींतले अंतर दीडपट, उजवीकडे सुमारे चार सेंटिमीटर समास, कागदाच्या एकाच बाजूला मजकूर. फॉन्ट मात्र लिहिताना वापरलेला नको. फॉन्ट बदलला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि डोळ्याला सवयीच्या झालेल्या जागा हलतात. एवढ्या एका बदलाने पूर्वी न दिसलेल्या चुका दिसू लागतात. पडद्यावरच काम करायचे असेल तर अक्षर मोठे करून रकाना अरुंद करावा, म्हणजे एका ओळीत सात-आठच शब्द राहतील.

एक कोरा कागद वाचत असलेल्या ओळीच्या खाली धरून तो ओळीगणिक खाली सरकवावा. पुढची ओळ झाकलेली असली की डोळा पुढे पळत नाही. पेन दोन रंगांची घ्यावीत. लाल पेन चूक दाखवायला आणि हिरवे, झालेली दुरुस्ती तपासून टिक करायला.

वेगाचा अंदाज हवा असेल तर साधारण तीनशे शब्दांच्या पानाला शब्दाशब्दाच्या फेरीत सहा ते आठ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला आठ-दहा पाने. यापेक्षा बराच जास्त वेग असेल तर वाचन चालू आहे, तपासणी नव्हे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दहा मिनिटे उठावे. लांबलचक बैठकीच्या शेवटच्या पानांवर चुका सुटतात. म्हणून दुसऱ्या फेरीला वेगळ्या पानापासून सुरुवात करावी, म्हणजे दर वेळी तीच पाने थकलेल्या डोळ्यांच्या वाट्याला येणार नाहीत.

निर्णयांची यादी

पुष्कळदा दोन रूपांपैकी एक बरोबर आणि दुसरे चूक असे नसतेच. दोन्ही चालतात, फक्त एका लिखाणात एकच चालवायचे असते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हेच १८ नियम आजच्या प्रमाण लेखनाचा आधार आहेत. पण त्यांतही विकल्प आहेत. तत्सम शब्दांत, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत, ‘पंडित’ आणि ‘पण्डित’, ‘अंत’ आणि ‘अन्त’ अशी दोन्ही रूपे मान्य आहेत. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचा गोंधळ तर याहून मोठा : ‘व्हिडिओ’ की ‘व्हिडीओ’, ‘ईमेल’ की ‘ई-मेल’, ‘कॉम्प्युटर’ की ‘कंप्यूटर’?

यासाठी एक वेगळा कागद ठेवावा. असा शब्द पहिल्यांदा आला की निवडलेले रूप आणि पान क्रमांक तिथे लिहावा. व्यक्तींची, संस्थांची, गावांची नावेही त्याच कागदावर येतात. आकडे देवनागरी की इंग्रजी, ‘टक्के’ अक्षरांत की चिन्हाने, तारीख कोणत्या क्रमाने, हेही एकदाच ठरवून घ्यावे.

या यादीतला सर्वांत मोठा निर्णय क्रियापदांच्या आणि नपुंसकलिंगी रूपांच्या शेवटाचा असतो. ‘असे केले पाहिजे’ की ‘असं केलं पाहिजे’? नियमानुसार प्रमाण लेखनात एकारान्त रूप यावे आणि पात्राच्या तोंडच्या बोलण्यात अनुस्वाराचे रूप चालावे. आजच्या ललित लेखनात आणि ऑनलाइन मजकुरात अनुस्वाराची शैली सर्रास दिसते आणि वाचायला ती सहजही वाटते. कोणतीही एक घ्यावी. ‘त्यांनी काम सुरू केलं आणि लगेच पूर्ण केले’ असे वाक्य मात्र अजिबात राहू देऊ नये. ही सरमिसळ लेखकाच्या लक्षात येत नाही, कारण कानाला दोन्ही रूपे ओळखीची असतात.

पहिली फेरी : यंत्राकडून

डोळे वापरण्याआधी यंत्राला जे सापडते ते काढून टाकावे. फाइलची भाषा ‘मराठी’ निवडलेली आहे का हे आधी पाहावे. ती इंग्रजी किंवा हिंदी राहिली असेल तर शब्दतपासनीस एक तर सगळीकडे लाल रेघा ओढतो किंवा काहीच दाखवत नाही, आणि रेघ नाही म्हणजे चूक नाही असा गैरसमज होतो.

मराठीत एका शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागून कितीतरी रूपे होतात. ती सगळी यंत्राच्या शब्दसंग्रहात नसतात, त्यामुळे बरोबर शब्दांखालीही रेघा येतात. कंटाळून ‘दुर्लक्ष करा’ दाबत जाण्याचा मोह होतो आणि त्यात खरी चूकही निघून जाते. ‘शब्दकोशात जोडा’ तर फार जपून वापरावे. चुकीचा शब्द एकदा जोडला गेला की तो पुढच्या कोणत्याही फाइलमध्ये लाल होणार नाही.

यानंतर ‘शोधा’ची सोय वापरून ठरावीक चुका एकेक करून शोधाव्यात : दोन शब्दांमध्ये पडलेल्या दोन मोकळ्या जागा, स्वल्पविरामाच्या किंवा प्रश्नचिन्हाच्या आधी सुटलेली जागा, ‘आणी’, ‘परंतू’, ‘महत्व’, ‘पारंपारिक’, ‘दृष्टीकोन’, ‘करुन’, ‘देउन’, ‘शुध्द’, ‘स्त्रोत’. यांची बरोबर रूपे ‘आणि’, ‘परंतु’, ‘महत्त्व’, ‘पारंपरिक’, ‘दृष्टिकोन’, ‘करून’, ‘देऊन’, ‘शुद्ध’, ‘स्रोत’.

‘सगळीकडे बदला’ हे बटण मात्र इथे धोक्याचे आहे. ‘तत्व’च्या जागी ‘तत्त्व’ असा सरसकट बदल केला की ‘अमृतत्व’ बिघडते, कारण तो ‘अमृत’ला ‘त्व’ लागून झालेला शब्द आहे आणि तो मुळातच बरोबर होता. ‘र्या’च्या जागी ‘ऱ्या’ घातले की ‘दुसर्या’ सुधारतो, पण ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ आणि ‘सूर्याला’चे ‘सूऱ्याला’ होते. ‘कि’चे ‘की’ केले तर ‘किती’ आणि ‘किंवा’ दोन्ही मोडतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून, शब्द पूर्ण वाचून मगच बदल करावा.

आणखी एक अडचण दिसतच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, काही अक्षरे दोन प्रकारे टंकित होतात आणि पडद्यावर सारखीच दिसतात. ‘अॅप’मधले पहिले अक्षर एका संकेताचे असू शकते किंवा ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन संकेत मिळूनही. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कधी कधी अपूर्णविराम (:) टंकलेला असतो. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेल्या मजकुरात अक्षरांच्या मध्ये अदृश्य जोडचिन्हे राहतात. शोधायचा शब्द हाताने टंकून सापडला नाही, तर मजकुरातूनच तो कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवावा. दोन्ही प्रकारे शोधल्याशिवाय ‘असा शब्द फाइलमध्ये नाही’ असे मानू नये.

हल्ली मजकूर आपोआप सुधारून देणारी साधनेही मिळतात. त्यांच्याकडून आलेला मजकूर मूळ फाइलशी ‘तुलना करा’ या सोयीने ताडून पाहावा. शुद्धलेखनाबरोबर ती वाक्यरचना आणि कधी कधी अर्थही बदलतात, आणि तो बदल इतका गुळगुळीत असतो की नुसत्या वाचनात खटकत नाही.

दुसरी फेरी : अर्थ

आता दुरुस्त्या बाजूला ठेवून मजकूर एकदा नेहमीच्या वेगाने वाचावा. वाक्य पूर्ण आहे का? कर्ता आणि क्रियापद जुळतात का? ‘त्याने’, ‘ते’, ‘यामुळे’ हे शब्द नेमके कशाकडे बोट दाखवतात? आधीच्या पानावर जे सांगितले त्याच्या उलट इथे काही आले आहे का? अडखळले तिथे समासात फक्त एक रेघ मारून पुढे जावे. लगेच दुरुस्त करायला थांबले की अर्थाचा धागा सुटतो.

ही फेरी मोठ्याने वाचून केली तर सर्वांत चांगली. गळलेला शब्द आणि दोनदा पडलेला शब्द डोळ्याला दिसत नाही, पण जिभेला अडतो. एका ओळीच्या शेवटी ‘होते’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘होते’ ही चूक मनातल्या मनात वाचून हमखास सुटते. मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही इथे उपयोगी पडते, कारण ते अंदाज करत नाही. जे लिहिले आहे तेच ते वाचते.

तिसरी फेरी : शब्द आणि अक्षर

सर्वांत जास्त वेळ या फेरीला द्यावा. शेवटचा परिच्छेद आधी, मग त्याच्या आधीचा, असे उलट वाचत यावे. ओघ तुटला की मेंदूला अंदाज करता येत नाही आणि प्रत्येक शब्द सुटा दिसतो. वाचताना पेनाचे टोक प्रत्येक शब्दाखाली टेकवावे.

पुढचा उतारा नमुन्यादाखल तयार केला आहे. खालचे स्पष्टीकरण वाचण्याआधी त्यातल्या चुका स्वतः शोधाव्यात.

‘समितीच्या अहवाला नुसार शिबीरात सहभागी झालेल्या विद्यार्थांनी तिन दिवसांत एकुण ४२ प्रयोग पूर्ण केले. पहिल्या दिवशी १६, दुसर्या दिवशी १५ आणि तिसऱ्या दिवशी १३ प्रयोग झाले. प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक होता व त्याने स्त्रोत साहित्य पुरवलं होते.’

‘नुसार’ शब्दयोगी आहे, ते जोडूनच हवे : ‘अहवालानुसार’. ‘शिबिर’ तत्सम आहे, त्यातल्या ‘बि’ला पहिली वेलांटी, म्हणून ‘शिबिरात’. ‘विद्यार्थी’चे सामान्यरूप ‘विद्यार्थ्या’, म्हणून ‘विद्यार्थ्यांनी’. ‘तीन’ आणि ‘एकूण’ हे अकारान्त शब्द, त्यांतले शेवटून दुसरे अक्षर दीर्घ. ‘दुसऱ्या’ला रफार नव्हे. ‘स्रोतसाहित्य’ समास म्हणून एकत्र, आणि त्यात ‘त्र’ नाही. ‘पुरवलं होते’ ही शैलीची सरमिसळ, तिथे ‘पुरवले होते’. एवढे बहुतेकांना सापडते. हमखास सुटते ती बेरीज : १६, १५ आणि १३ मिळून ४४ होतात, ४२ नाही. शब्दांकडे पाहणारा डोळा आकड्यांकडे पाहत नाही, म्हणून आकड्यांना स्वतंत्र फेरी लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ असले तरी दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा घसरायला होते. पहिले ठिकाण सामान्यरूपाचे. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वकील’ पण ‘वकिलांना’. हे सवयीचे झाले की माणूस ‘शरिरात’ही लिहू लागतो, आणि ते चूक आहे. ‘शरीर’, ‘गीत’, ‘सूत्र’ हे तत्सम शब्द प्रत्यय लागल्यावरही दीर्घच राहतात : ‘शरीरात’, ‘गीताला’, ‘सूत्राने’. दुसरे ठिकाण समासाचे. ‘बुद्धी’, ‘गती’, ‘कवी’ सुटे लिहिताना दीर्घ, पण समासात पहिल्या पदी आले की ऱ्हस्व : ‘बुद्धिवाद’, ‘गतिशील’, ‘कविराज’. ‘मंत्री’चे ‘मंत्रिमंडळ’ आणि ‘पक्षी’चे ‘पक्षिमित्र’ याच वाटेने होते. ‘लक्ष्मीपुत्र’मध्ये मात्र मूळ शब्दच दीर्घ आहे, तो तसाच राहतो.

यंत्राला सहसा न सापडणाऱ्या चुका म्हणजे चुकीच्या जागी आलेले बरोबर शब्द. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्द आहेत; सोहळ्याच्या फलकावर ‘दीन’ पडले तर दिवसाऐवजी दुबळेपणा साजरा होतो. ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ वेगळ्या : एक शिक्षेची, दुसरी अंमलबजावणीची. ‘सूत’ धागा आणि ‘सुत’ मुलगा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर फक्त एका ‘र’च्या आकाराचा फरक; पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाक करणारे. ‘सर्वांचे एकमत झाले’ आणि ‘सर्वांचे एक मत झाले’ यांत फरक केवळ मोकळ्या जागेचा आहे.

दिसायला जवळची अक्षरे लहान फॉन्टमध्ये खास नजरेने पाहावी लागतात : ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’, ‘ब’ आणि ‘व’. कागदावरून स्कॅन करून अक्षरांत बदललेल्या मजकुरात ‘ख’चा ‘रव’ झालेला असतो आणि घाईत वाचताना तो ‘ख’च वाटतो. असा मजकूर असेल तर मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय ही फेरी करू नये.

जोडाक्षरांत ‘त्त्व’ आणि ‘त्व’ यांचा गोंधळ सर्वांत जास्त. मूळ शब्दाच्या शेवटी ‘त्’ असेल तर ‘त्व’ लागल्यावर दोन ‘त’ येतात : ‘महत्’पासून ‘महत्त्व’, ‘सत्’पासून ‘सत्त्व’. ‘नेतृत्व’, ‘कर्तृत्व’, ‘मातृत्व’ यांच्या मुळाशी ‘त्’ नाही, तिथे एकच. ‘उज्ज्वल’ आणि ‘तज्ज्ञ’ यांतही एक ‘ज’ सहज गळतो.

विरामचिन्हांसाठी शेवटी सगळी पाने एकदा नुसती नजरेखालून घालावीत. उघडलेला प्रत्येक कंस आणि प्रत्येक अवतरणचिन्ह बंद झाले आहे का? सरळ आणि वळणदार अवतरणचिन्हे मिसळली आहेत का? ‘की’च्या पुढे सवयीने पडलेला स्वल्पविराम बहुतेक वेळा अनावश्यक असतो.

चौथी फेरी : आकडे आणि नावे

या फेरीत वाक्ये वाचायचीच नाहीत. फक्त आकडे, तारखा, नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळांचे पत्ते पाहायचे आणि प्रत्येकाखाली टिंब द्यायचे. टिंब नसलेला आकडा म्हणजे न तपासलेला आकडा.

प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहावी. टक्केवारी ३५, २८, २२ आणि १७ दिली असेल तर ती १०२ होते. पूर्णांकात केल्यामुळे एखाद्या टक्क्याचा फरक पडू शकतो, तरी तो खरोखर त्यामुळेच पडला आहे ना, हे मूळ आकड्यांवरून ठरवावे. तारखेसोबत वार दिला असेल तर दिनदर्शिकेत पाहावा. वय आणि जन्मवर्ष दोन्ही असतील तर वजाबाकी करावी. ‘पुढील पाच मुद्दे’ म्हटले असेल तर खाली पाचच आहेत का ते मोजावे. भाषांतरित मजकुरात मोठ्या संख्या विशेष जपाव्यात. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे शंभर कोटी. दीड बिलियनचे पंधरा कोटी होणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

नावे यादीतल्या कागदाशी ताडावीत. व्यक्तीचे नाव ती व्यक्ती जसे लिहिते तसेच लिहावे, तिथे शुद्धलेखनाचा नियम लावू नये. एकच आडनाव तीन पानांवर तीन प्रकारे येणे वाचकाला फार खटकते.

पाचवी फेरी : पान

आता मजकूर न वाचता पानाकडे पाहावे. अनुक्रमणिकेतले शीर्षक आणि आतले शीर्षक शब्दशः सारखे आहे का, पान क्रमांक जुळतो का? चित्राखालची ओळ त्याच चित्राची आहे का? तळटिपेचा क्रमांक आणि खालची टीप यांची जोडी लागते का? परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या डोक्यावर किंवा तळाशी एकटी पडली आहे का?

मोठ्या अक्षरातली शीर्षके मुद्दाम अक्षर लावून वाचावीत. लहान अक्षरांकडे आपण निरखून पाहतो आणि मोठे अक्षर बरोबरच असणार असे धरून चालतो, म्हणून मुखपृष्ठावर, फलकावर आणि पहिल्या पानावर चूक सुटते. तसेच, एक चूक सापडली की तिच्या लगेच पुढचे चार-पाच शब्द पुन्हा वाचावेत. चूक सापडल्याच्या समाधानात शेजारची दुसरी चूक निसटते.

खुणा कशा कराव्यात

प्रत्येक दुरुस्तीला दोन खुणा लागतात : ओळीत चूक कुठे आहे याची, आणि समासात तिथे काय हवे याची. नुसत्या ओळीत केलेली बारीक खूण टंकलेखकाच्या नजरेतून सुटते. गळलेल्या शब्दासाठी काकपद (^), वगळायच्या शब्दावर आडवी रेघ आणि समासात वगळण्याची गाठ, जोडायच्या शब्दांना कमान, तोडायच्या शब्दांमध्ये उभी रेघ. अशा खुणांसाठी आयएसओ ५७७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण समोरच्याला कळतील त्या खुणा वापरणे जास्त मोलाचे. एका ओळीत अनेक दुरुस्त्या असतील तर समासात त्या डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने, मध्ये तिरकी रेघ देऊन लिहाव्यात.

देवनागरीसाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. समासात नुसती वेलांटी किंवा नुसता रफार लिहू नये, पूर्ण शब्द लिहावा. सुटी मात्रा कोणत्या अक्षराची हे कळत नाही आणि दुरुस्तीतच नवी चूक होते. चुकून केलेली खूण रद्द करायची असेल तर शब्दाखाली टिंबे देऊन समासात ‘तसेच ठेवा’ लिहावे.

जिथे खात्री नाही तिथे बदल करू नये, प्रश्न विचारावा. ‘पान १२ वर १९७१, इथे १९७२. कोणते बरोबर?’ असा नेमका प्रश्न लेखकाला उत्तर देण्याजोगा असतो. नुसते प्रश्नचिन्ह काढून दिले तर त्याला काय विचारले आहे तेच समजत नाही. लेखकाची शैली आवडली नाही म्हणून शब्द बदलणे हे मुद्रितशोधकाचे काम नाही, आणि शेवटच्या प्रुफावर तर ते मुळीच नाही.

दुरुस्त्या झाल्यावर

सुरुवातीला असलेल्या चुकांइतक्याच चिवट असतात दुरुस्ती करताना शिरलेल्या चुका. शब्द बदलताना शेजारचा पूर्णविराम पुसला जातो, लिंग बदलते पण क्रियापद तसेच राहते, किंवा दुरुस्ती दुसऱ्याच ओळीत होते. म्हणून जुने प्रूफ आणि नवे प्रूफ शेजारी ठेवून प्रत्येक लाल खुणेवर हिरवी टिक करावी आणि दुरुस्तीची ओळ, तिच्या वरची एक आणि खालची एक अशा तीन ओळी पूर्ण वाचाव्यात. एखादा शब्द वाढल्यामुळे ओळी पुढे सरकल्या असतील तर परिच्छेदाचा आणि पानाचा शेवटही पाहावा. पान सरकले तर अनुक्रमणिका पुन्हा तपासावी लागते.

फाइलमध्ये काम चालू असेल तर बदलांची नोंद ठेवणारी सोय सुरू ठेवावी आणि प्रत्येक प्रतीच्या नावात क्रमांक व तारीख घालावी. ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशी नावे ठेवली की कधीतरी जुनीच प्रत छपाईला जाते.

पीडीएफ तयार झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून पाहावी. फॉन्ट नीट बसला नसेल तर जोडाक्षरे सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मूळ फाइल निर्दोष असली तरी वाचकाला हीच प्रत दिसणार असते.

वेळ अगदी थोडा असेल तर

अर्ज, सूचना किंवा एका पानाचे पत्र यांना पाच फेऱ्या नकोत. पंधरा मिनिटे असतील तर पहिली तीन मिनिटे नावे, तारखा, रक्कम आणि संपर्क क्रमांक यांना द्यावीत, कारण वेलांटी चुकलेले पत्र कामी येते, पण तारीख चुकलेले येत नाही. मग पाच मिनिटे शीर्षक, विषय आणि पहिला परिच्छेद अक्षर लावून वाचावा. उरलेल्या वेळात सगळा मजकूर एकदा मोठ्याने वाचावा आणि जीभ अडखळेल तेवढेच दुरुस्त करावे. जमल्यास विषयाची माहिती नसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी एकदा वाचायला द्यावे. देताना ‘बघ जरा’ न म्हणता ‘यात तारखा आणि नावे तेवढी तपास’ असे नेमके काम सांगावे.